इपातियाचं कोरडं डोकं

लास गार्सास,
१४ फेब्रुवारी १९८३

प्रिय ब्रुनो,

हे पत्र लाँचवाल्याच्या हाती देतेय. चोनेकडचा रस्ता आता रस्ता राहिलेला नाही, त्याच्यावरून नदीच जाते. डिसेंबरात पाऊस लागला तो थांबायचं नाव घेत नाही. भिंतींना शेवाळ, मिठाच्या बरणीत पाणी, माझ्या गुडघ्यांत पाणी. वैतागलेय बाबा मी. म्हणून लांबण लावत नाही, मुद्द्याचं सांगते.

पापांनी फादरला बोलवायला सांगितलंय.

हो, बरोबर वाचलंस. मीही आधी म्हटलं, आपल्याला ऐकू कमी येतंय. विचारलं, "कोणता फादर?" म्हणाले, "तो नवा, डोंगराकडचा, चष्मेवाला. ओक्ताबियो." "कशाला?" "काम आहे." दोरीच्या झोपाळ्यात पडून छताकडे बघत बसले.

आपल्या उंबऱ्याला कधी झग्याची सावलीसुद्धा लागलेली नाही. फादर बेनिग्नो एकदा चुकून दाढी करायला दुकानात आले होते, आठवतं? पापा वस्तरा परजत म्हणाले, "करतो की, पण गळ्यापाशी आलो की माझा हात थरथरतो." बिचारे जन्मभर दाढीला चोनेला जात राहिले. आणि आता हाच माणूस फादर मागतोय.

मला वाटतं ते घाबरलेत. इतकं वय झाल्यावर कोण घाबरत नाही? रोज सकाळी त्यांना पुसून काढते, भरवते, कुशीवर वळवते. त्यांच्या पाठीला हात लावला की बरगड्या मोजता येतात. अशा माणसाला काय म्हणायचं, तत्त्व सोडू नका?

तरीही राग येतो रे. चर्चला वेसण घालणाऱ्या राष्ट्राध्यक्ष आल्फारोंना क्विटोत जमावाने रस्त्यातून ओढत नेऊन जाळलं, तेव्हा पापा मिसरूड फुटलेलं पोर होते. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली की पोरांना नावं द्यायची ती विचारांपायी मेलेल्यांची. आता मला सांग, त्यांना एकही विचारवंत असा सापडला नाही का, जो म्हातारा होऊन, गरम सूप पिऊन, आपल्या अंथरुणात मेला? थोरला सोक्रातेस, विष प्यायलेला. मी इपातिया, अलेक्झांड्रियाची गणिती, जमावाने फाडलेली. तू जॉर्दानो ब्रुनो, रोमच्या चौकात जाळलेला. सोक्रातेसला तर विषाची वाटसुद्धा बघावी लागली नाही, तो पाळण्यातच गोवराने गेला. उरलो आपण दोघं, एक मधुमेही आणि एक संधिवाती.

आणि ते वाढदिवस! केक कापायच्या आधी स्टुलावर उभं राहून आपल्या नाववाल्याचं मरण सांगायचं. मी इवलीशी, फ्रॉकला रिबीन, आणि घडाघडा सांगतेय की धारदार शिंपल्यांनी तिचं मांस खरवडून काढलं. आणि समोर खुर्च्यांवर कोण, तर खाडीतून शिंपल्या वेचणाऱ्या शेजारणी! त्यांनी आपल्या घरातला केक कधी गोडीने खाल्ला असेल असं वाटत नाही.

तर सांग, काय करू? बोलावू त्याला? तू मुलगा आहेस, शिकलेला आहेस, इतिहास शिकवतोस. मला आता काही ठरवायचा कंटाळा आलाय.

तुझी,
इपातिया


ग्वायाकिल,
२६ फेब्रुवारी १९८३

प्रिय न्यान्या,

तुझं पत्र वाचता वाचता जेवणाचं ताट बाजूला सारलं. मारियाना विचारायला लागली, पापा गेले का? म्हटलं, नाही, पण जाता जाता सगळं घेऊन चाललेत.

फादरला घरात पाऊल ठेवू देऊ नकोस. मी हात जोडतो. पापांचं आता वय बोलतंय, ते बोलत नाहीत. या मंडळींची रीतच आहे ही. माणूस जन्मभर हाताला लागला नाही की शेवटी उशाशी येऊन बसतात, आणि मागाहून चौकात सांगत सुटतात की बघा, अखेर आमचाच झाला. पापांनीच मला हे शिकवलं. माझ्या नावाच्या माणसासमोर चितेवर क्रूस धरला तेव्हा त्याने तोंड फिरवलं, हे मी स्टुलावर उभं राहून किती वेळा सांगितलंय! त्यांना आठवण करून दे. झोपाळ्याशी बसून तूच सांग ती गोष्ट.

तुला आधी सांगायला हवं होतं, पण म्हटलं छापून झालं की एकदम दाखवू. आमच्या मंडळाने पापांवर पुस्तिका काढायची ठरवलीय. मनाबी प्रांतातला शेवटचा आल्फारिस्ता, एका न्हाव्याने उभ्या गावात वाचनालय काढलं, मुलांना पाखंड्यांची नावं दिली आणि कुणापुढे मान तुकवली नाही. 'न वाकलेला माणूस' असं नाव ठेवलंय. लिहितोय मीच. अर्धी प्रेसमध्ये गेलीसुद्धा. आता मी त्या लोकांना काय तोंड दाखवू?

न्यान्या, तू माझी थोरली बहीण आहेस म्हणून मला धीर आहे. आपल्या घरात खरी कणखर तूच. तू कधी डगमगली नाहीस. आताही डगमगू नकोस.

औषधं पाठवतोय, मारियानाने माझ्यातली बिनसाखरेची बिस्किटं दिलीत. रात्रीचे वर्ग घेऊन घसा बसलाय, पुरात शाळेच्या तळघरात पाणी शिरलंय, पगार कधी होईल देव जाणे. बघ, मीही देवावर टाकायला लागलो. दमलोय.

तुझा धाकटा,
ब्रुनो


लास गार्सास,
९ मार्च १९८३

ब्रुनो,

औषधं पोचली. बिस्किटांचा लगदा पोचला. तुझा उपदेशही पोचला.

फादर येऊन गेला. मी अडवलं नाही.

आणि हे बघ, मला कणखरपणा शिकवू नकोस. तुझ्या लग्नाच्या जेवणात तुझ्या सासूने माझा हात धरून काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, "देवाची कृपा हो, मुलाच्या डोक्यावर वेळेत पाणी पडलं." मी कोंबडीचा घास तोंडात तसाच धरून बसले. तू लग्नाआधी गुपचूप जाऊन बाप्तिस्मा घेऊन आलास, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. पापांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण 'न वाकलेला माणूस' लिहायला बसशील तेव्हा निदान स्वतःचं डोकं आधी टॉवेलने पूस.

मला ओनोफ्रेच्या आईने हेच सांगितलं होतं. पाणी घे आणि सून होऊन ये. पापा म्हणाले, "तुझी मर्जी. मी मध्ये येणार नाही." आणि जेवण सोडलं. मध्ये न येण्याची ही त्यांची तऱ्हा! आई ताट घेऊन झोपाळ्यामागे फिरतेय, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी ओनोफ्रेला नाही म्हटलं. त्याच दुपारी पापा उठले आणि पोटभर जेवले. ओनोफ्रे आता चोनेत नातवंडं खेळवतो. तुझं डोकं भिजलं, तुला मारियाना मिळाली. माझं कोरडं राहिलं. असो. तुला बोलून काय उपयोग, तू तेव्हा शाळकरी होतास. पण कणखर म्हणू नकोस.

तर फादर ओक्ताबियो. होडीतून आला, पॅंट गुडघ्यापर्यंत वर, चष्म्यावर चिखल. पोरगेलाच आहे. आधी टॉवेल दिला, मग कॉफी. पापा म्हणाले, "बसा. माझ्यासाठी नाही बोलावलं. माझं ठरलंय, मी कुठेही जाणार नाही, संपणार."

"मग कशासाठी, डॉन एलेउतेरियो?"

"हिला पाणी घाला."

मी कपबशी घेऊन तिथेच उभी. म्हटलं, "पापा, मी इथेच आहे. माझं आहे तर मला विचारा की!"

"तुला काय विचारायचं? मी गेलो की तुझं कोण?" मग बोलायलाच लागले. इतकं एका दमात मी त्यांना कितीतरी महिन्यांत बोलताना ऐकलं नव्हतं. "समोरची ती एदिल्मा बघ. नवरा दिवसभर खाडीत, खिशात दमडी नाही, पण शिंकली तरी दोन कोमाद्रे दारात. पोराला बाप्तिस्म्याला धरायचं आणि जन्माची सोयरीक जोडायची, हे गाव त्याच्यावर चालतं. आजारपण, भांडण, मयत, सगळं कोंपाद्रे आणि कोमाद्रे निभावतात. तू अर्ध्या गावाला अक्षरं शिकवलीस आणि कुणाचं एक पोर हातात धरलं नाहीस. धरूच शकत नाहीस, कारण तुला स्वतःला पाणी नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणाला तुला बोलावतात आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसवतात. मास्तरीणबाई म्हणून! मला दिसत नाही वाटतं?"

फादर म्हणाला, "पाणी घालणं अवघड नाही. पण मोठ्या माणसाला आधी विचारावं लागतं, विश्वास आहे का. हो म्हणायला हवं."

"म्हणेल," पापा म्हणाले. "एक शब्द तर आहे!"

एक शब्द! ब्रुनो, आपल्याला स्टुलावर उभं करून दुसरं काय शिकवलं या माणसाने? त्या सगळ्यांनी तो एक शब्द उच्चारला नाही, एवढंच तर शिकवलं. मला हसावं की कपबशी आपटावी कळेना. फादरला म्हटलं, मला वेळ द्या. तो ईस्टर झाल्यावर येतो म्हणाला.

म्हणजे घाबरलेत खरे, पण स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी घाबरलेत. हे कळल्यावर तर जास्तच राग आला. मला वाटलं होतं, निदान त्यांना हे कधी दिसलं नसेल. दिसत होतं. खुर्ची भिंतीकडची आहे हे त्यांना दिसत होतं आणि ते गप्प होते. आता मी काय करू, त्यांच्या गळ्यात पडू की भांडू? दोन्हीला अंगात त्राण नाही.

इपातिया


ग्वायाकिल,
२२ मार्च १९८३

प्रिय न्यान्या,

पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मारियानाला दाखवलं नाही.

काय बोलू? तुला ठाऊक होतं आणि तू इतकी वर्षं मला दर वाढदिवसाला वाळवलेली कोलंबी पाठवत राहिलीस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. पुस्तिकेचं काम थांबवायला सांगितलंय. प्रेसवाला खवळलाय, खवळू दे.

आता माझं ऐक. मोठेपणा म्हणून नाही, भाऊ म्हणून सांगतो. हो म्हणून टाक. मी म्हटलं तेव्हा आकाश कोसळलं नाही. पाणी कोमट होतं, फादरला घाई होती, त्याच्या खमिसावर सॉसचा डाग होता. घरी येऊन मी भात आणि तळलेली केळी खाल्ली. इतकंच झालं. मला वाटलं होतं की आत काहीतरी मोडेल. काही मोडलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तू म्हणशील विचार, तत्त्व. त्या मेलेल्या लोकांना पुतळे मिळाले, न्यान्या. आपल्याला सांधेदुखी मिळाली. त्यांच्यासाठी तू किती दिवस उपाशी राहणार? पापा स्वतः तुला मोकळं करतायत तर मोकळी हो.

आणि ते जमणार नसेल तर पापांनंतर इकडे निघून ये. मारियानाने मागची खोली रिकामी केलीय, खिडकी आहे, बाजार जवळ आहे. त्या चिखलात एकटी कशाला राहतेस? खरं सांग, तुझं तिथे कोण आहे?

ब्रुनो


लास गार्सास,
८ एप्रिल १९८३

प्रिय ब्रुनो,

मी नाही म्हटलं.

फादर ओक्ताबियो काल आला. पापांनी सकाळीच दाढी करवून घेतली होती, धुतलेला शर्ट घातला होता. जणू माझं लग्नच. समोरच्या एदिल्माच्या झोपडीत कमरेइतकं पाणी आलंय म्हणून ती आणि तिचा नवरा फाउस्तो आपल्या दाढीच्या दुकानात राहायला आलेत. तिला दिवस गेलेत, पोट वर आलंय. तीही दारात येऊन उभी राहिली. फादरने पुस्तक उघडलं आणि विचारलं, "विश्वास आहे का?"

मी पापांकडे पाहिलं. ते मानेने खुणावत होते, गिऱ्हाईकाला हनुवटी वर करा म्हणून खुणावायचे ना, अगदी तस्संच. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही."

तुझ्या पत्रात तू विचारांचं लिहिलंस. कुठले आलेत विचार! वर काय आहे, काय नाही, मला काही माहीत नाही आणि ते शोधायची आता हौसही नाही. तुझं तू केलंस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझं तसं नाही रे. ओनोफ्रेला मी जे 'नाही' म्हटलं, ते मला फार महागात पडलंय. ते पापांसाठी म्हटलं होतं, कबूल. पण त्या 'नाही'सोबत जगले मी, पापा नाही. लोकांच्या पोरांची बारशी बघितली, भिंतीकडच्या खुर्चीवर बसले, घरी येऊन एकटीने ताट घासलं ते मी. आता पापा म्हणतात, चूक झाली, दे परत. नाही देत. त्यांचं होतं तेव्हा होतं, आता ते माझं आहे. माझ्याकडे दुसरं आहे तरी काय?

फादरने पुस्तक मिटलं. म्हणाला, "खोटं बोलला नाहीत, आभारी आहे. बरेच जण बोलतात." कॉफी प्यायला आणि गेला. भला माणूस आहे.

पापांनी भिंतीकडे तोंड केलंय. माझ्याशी बोलत नाहीत. काही हवं असलं तर एदिल्माला हाक मारतात. सबंध मनाबीत हा एकच नास्तिक असेल, जो मुलगी ख्रिस्ती होत नाही म्हणून रुसलाय. आधी मला हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. जेवतात मात्र, यावेळी जेवण सोडलेलं नाही. तेवढी सुधारणा आहे.

खोलीबद्दल विचार करते. खरंच करते. तू विचारलंस, इथे कोण आहे, आणि मी ट्रंक काढून पुसून ठेवली.

तुझी,
इपातिया


लास गार्सास,
२७ जून १९८३

माझ्या ब्रुनो,

तुझी तीन पत्रं काल एकदम मिळाली. लाँच बंद होती, तारेचे खांब पडले होते, तुला कळवायला काही मार्गच नव्हता. आपले पापा गेले. या महिन्याच्या सुरुवातीला, दुपारी, जेवण झाल्यावर, झोपाळ्यात. त्रास झाला नाही. तू त्यांना शेवटचं पाहिलं नाहीस याचं मला फार वाईट वाटतं. थोडा वेळ पत्र बाजूला ठेव. मग पुढचं वाच, कारण पुढचं सांगायलाच हवं.

मे महिन्यात एदिल्मा अवेळी अडली. सुईण पलीकडच्या काठाला, मध्ये फुगलेली खाडी. फाउस्तो होडी घेऊन तिला आणायला गेला. घरात मी, ती, आणि वेळूच्या भिंतीपलीकडे झोपाळ्यात रुसलेले पापा. मी कधी बाळंतपण पाहिलंसुद्धा नव्हतं. दाढीच्या खुर्चीचा हात धरून ती किंचाळत होती आणि मी मूर्खासारखी म्हणत होते, "श्वास घे, श्वास घे." पोर झाली. एवढीशी, निळसर, रडेना. चोळलं, उलटं धरलं, तोंडात बोट घालून घाण काढली. मग तिने मांजरीसारखा आवाज काढला आणि पुन्हा गप्प. एदिल्मा चटईवरून म्हणाली, "मास्तरीणबाई, पाणी घाला हिच्यावर. जायच्या आधी घाला. तशीच जाऊ देऊ नका हो."

इकडे फादर पोचणार नसला की घरातलं कुणीही पाणी घालतं, तुला ठाऊकच आहे. पण कुणीही म्हणजे माझ्यासारखं नव्हे. मी म्हटलं, "अगं, मलाच नाही, तर मी कशी घालू? माझं पाणी लागायचं नाही गं हिला!" तिने हंबरडा फोडला.

आणि भिंतीपलीकडून पापा ओरडले. महिनाभरात माझ्याशी पहिलं वाक्य. "लागतं! यहुदी घालू शकतो, मूर्तिपूजक घालू शकतो, पाखंडीसुद्धा! पाणी खरं हवं, शब्द बरोबर हवेत, आणि चर्चच्या मनात जे असतं ते करायची इच्छा हवी. त्यांचाच नियम आहे! बेनिग्नोशी चौकात सहा महिने भांडलोय मी त्याच्यावरून!"

मी तशीच उभी. "पापा, मी..."

"उभी काय राहिलीस! घाल!" मग झोपाळ्याची दोरी करकरली. "सोक्रातेसच्या वेळी तुझी आई वाटीत पाणी घेऊन उभी होती. मी तिचा हात धरला. तुझ्या आईचा हात धरला मी, इपातिया. तुला नाही धरत. घाल."

ब्रुनो, आई मला हे कधी बोलली नाही. तुला बोलली होती का?

दाढीच्या वाडग्यात पिंपातलं पावसाचं पाणी घेतलं. पोरीची मान तळव्यावर धरली. शब्द पापा पलीकडून एकेक करून सांगत होते, मी म्हणत होते. नाव काय ठेवू विचारलं तर एदिल्मा म्हणाली, "मारिया देल कार्मेन." पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. एवढ्या गडबडीतसुद्धा त्यांच्या मनात एखादं जाळलेलं माणूस तयार असणार! मी तेच नाव घेतलं आणि तीनदा पाणी ओतलं. त्या लोकांच्या मनात असतं ते माझ्या मनात होतं की नाही, मी काय सांगू? ही जगू दे, जगू दे, एवढंच होतं. कुणाला म्हणत होते तेही माहीत नाही.

गार पाण्याने असेल, पोरगी चिरकली. मग रडली. चांगली रडली. सुईण आली तोवर दूध ओढत होती.

पाणी ओसरल्यावर फादर ओक्ताबियो आला, सगळं ऐकून घेतलं, कोणते शब्द म्हटले तेही विचारलं. म्हणाला, बाप्तिस्मा झालाय, पुन्हा पाणी घालायचं कारण नाही. "फक्त पुस्तकाप्रमाणे या धर्ममाता होत नाहीत. धर्ममातेला स्वतःला पाणी लागतं." फाउस्तो दारात उभा होता. त्याने हॅट काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "फादर, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. माझ्या पोरीवर पाणी कुणी घातलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कोमाद्रे, तुमच्या छपराला गळती लागलीय. उद्या येऊन बघतो." फादर चष्मा पुसत बसला.

पापा त्यानंतर माझ्याशी बोलायला लागले. फार नाही. एकदा म्हणाले, "कार्मेन! गावात पाय ठेवला तर दहा कार्मेन पायात येतात." एकदा म्हणाले, "तू नाही म्हणालीस ते बरं केलंस." मी विचारलं, "मग रुसला होतात कशाला?" म्हणाले, "मला भीती वाटत होती." बस, एवढंच. माफी त्यांना मागता येत नव्हती आणि मला मागून घेता येत नव्हती. तशीच राहिली ती. पण शेवटचे दिवस बरे गेले आमचे.

मयत फाउस्तोने आणि त्याच्या भावांनी उचलली. मला कुणाला सांगायला जावं लागलं नाही. कोमाद्रेचा बाप गेला म्हटल्यावर सगळे आपणहून आले, होड्या करून आले. बायका नऊ संध्याकाळी आपल्या घरात बसून माळ जपत होत्या, एलेउतेरियोच्या आत्म्यासाठी! ज्याने फादरांच्या दाढ्या केल्या नाहीत त्याच्यासाठी! मी अडवलं नाही. जपले मात्र नाही. कॉफी करत होते. पापांना हे कळलं असतं तर झोपाळ्यातून पडले असते. तुझ्या पुस्तिकेत हे लिहू नकोस. किंवा लिही, मला आता कशाचंच काही वाटत नाही.

मारियानाचे आभार मान, आणि मागची खोली कुणा विद्यार्थ्याला दे. मी येत नाही. भेटायला येईन, रस्ता झाला की. पण राहायला नाही.

परवा माझ्या अंगात ताप होता. दार लावून पडून राहिले, म्हटलं, होईल बरं आपोआप, इतकी वर्षं तसंच होत आलंय. उजाडल्यावर एदिल्मा दार बडवायला लागली. "कोमाद्रे! दार का लावलंय? मेलात की काय?" मी उठेपर्यंत तिने खिडकीतून हात घालून कडी काढली, आत आली, मला दोन शब्द सुनावले, पोरीला माझ्या कुशीत टाकलं आणि न विचारता चूल पेटवायला गेली. या घरात दार वाजवून, वाट बघून, मास्तरीणबाई आत येऊ का असं विचारल्याशिवाय आजवर कुणी आलेलं नव्हतं. मी तशीच पडून राहिले. पोरीने माझं बोट घट्ट धरलं होतं आणि स्वयंपाकघरात कुणीतरी माझी भांडी आपटत होतं.

तुझी,
इपातिया